गोल भाकरी, चौकोनी डबा

सकाळी पावणेसहाला साताऱ्यात दोनच प्रकारची माणसं जागी असतात. एक, अजिंक्यताऱ्यावर चढायला निघालेली; दुसरी, शाळेचा डबा भरणारी. पहिल्यांना वर पोचल्यावर निदान वारा लागतो. दुसऱ्यांना व्हॅनवाल्या काकांचा हॉर्न लागतो, तोही डब्याचं झाकण सापडत नसतानाच.

माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, सासर साताऱ्यातलं. म्हणजे 'ए आई' सांगली जिल्ह्यात, 'अहो आई' सातारा जिल्ह्यात आणि मधे कऱ्हाड. एवढ्या अंतरात चटणीचा रंग बदलतो, बोलण्याचा हेल बदलतो, पण डब्याबद्दल दोन्ही आयांचं मत एकच: डबा ही भूक लागली की उघडायची वस्तू आहे. माझ्या पिढीत ती फोटो काढून झाला की बंद करायची वस्तू झाली आहे.

माझा स्वतःचा शाळेतला डबा गोल, स्टीलचा. झाकण कुणाच्या तरी बारशात मिळालेलं, डबा दुसऱ्याच कुणाच्या घरचा, त्यामुळे दोघांचं मुळातच पटत नसे. आई रोज निघताना वरून एक बुक्की मारून त्यांची सोयरीक जुळवायची. डब्यावर नाव कोरलेलं होतं, पण आमचं नव्हे. 'कै.'पासून सुरू होणारं एक नाव आणि खाली वर्षश्राद्धाची तारीख. चौथी होईपर्यंत मी त्या अनोळखी आजोबांच्या स्मरणार्थ मेथीची भाजी खाल्ली. फायदा इतकाच, की तो डबा कधी हरवला नाही. वर्गातली सगळी पोरं आजोबांना ओळखत. डबा कुठं विसरला, तर कुणीतरी 'तुझे कैलासवासी राहिले गं' म्हणत घरी आणून देई.

आता डबा बेंटो झाला आहे. जपानी धर्तीचा, पसरट, आत खण पाडलेला. मी तो आधी साताऱ्यातच शोधला. खणआळीत खण मिळाले, डबा मिळाला नाही. शेवटी ऑनलाइन मागवला. पाच खण, बोटाच्या पेराएवढी सॉसची बाटली, सिलिकॉनच्या तीन वाट्या, टोकावर प्राण्यांची डोकी असलेल्या टोचण्या आणि काकडीचे तारे पाडायचे साचे. किंमत सांगत नाही, घरातही सांगितलेली नाही. सिलिकॉनवर नाव कोरता येत नाही, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात वाट्या दोन उरल्या.

अहो आईंनी तो डबा उघडून उलटासुलटा पाहिला. "मिसळणाचा डबाच हाय की ह्यो, चौकोनी," म्हणाल्या. मग जरा थांबून, "मोहरी कुठल्या खणात?"

उत्तर द्यायला मला जागाच राहिली नाही. खण पाडून जेवायची अक्कल जपान्यांनी आपल्याला शिकवावी अशी काही परिस्थिती नव्हती. मीठ वर मधोमध, शेजारी लिंबाची फोड, डावीकडं चटणी-कोशिंबीर-लोणचं, उजवीकडं भाजी-उसळ-आमटी, समोर भाताची मूद. लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं कोशिंबीर उजवीकडं वाढली, तर एखादे काका आजही पाटावरून अर्धे उठतात. आपले खण डोक्यात होते, जपान्यांनी ते डब्यात ओतले, एवढाच फरक. तिथंही हा खणांचा थाट लोकप्रिय झाला तो नाटकाच्या दोन अंकांमधल्या वेळात खायचा डबा म्हणून. आता मध्यंतरात काय खावं हे निदान सांगलीला तरी कुणी शिकवू नये. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये 'सीता स्वयंवर' केलं ते सांगलीत. तेव्हापासून कित्येक नाटकं आली, पडली. मध्यंतराचा बटाटावडा मात्र एकदाही पडला नाही.

पण बेंटोची खरी अडचण भूमितीची आहे. डबा चौकोनी आणि आपलं सगळं खाणं गोल. भाकरी गोल, चपाती गोल, थालीपीठ, धपाटं, आंबोळी, पुरी गोल, साताऱ्याचा कंदी पेढा गोल. चौकोनात सुखानं बसतील अशा फक्त वड्या, आणि पोराला रोज कोथिंबीरवडीवर शाळेत धाडता येत नाही. मी भाकरीच्या कडा कापून ती चौकोनी करून पाहिली. अहो आईंनी त्या कडा गोळा केल्या, आमटीत कुस्करून खाल्ल्या आणि विचारलं, "चतकोर मोडायला काय झालं होतं?"

चतकोर! भाकरीचे चार तुकडे केले की प्रत्येक तुकड्याला दोन सरळ बाजू आणि एक काटकोन मिळतो. बेंटोचा कोपराही काटकोनच. चतकोर त्यात असा बसतो की जणू डबा बनवणाऱ्यानं आधी माण-खटावात येऊन माप नेलं असावं. लहान खणात त्याहून लहान नितकोर. शेतावर न्यायच्या भाकरीचं हे गणित आपल्या बायकांनी कंपासपेटीशिवाय केव्हाच सोडवून ठेवलं होतं आणि मी मात्र मोबाईलवर 'हाऊ टू फिट रोटी' शोधत बसले होते.

भाताचंही तसंच. व्हिडिओतली जपानी आई भाताचा त्रिकोण, म्हणजे ओनिगिरी, वळते, त्याला शेवाळाचा काळा पट्टा गुंडाळते आणि तो त्रिकोण दुपारपर्यंत त्रिकोणच राहतो. कारण तिचा तांदूळ आखूड आणि चिकट. आपल्याकडं त्याच्या जवळ जाणारे म्हणजे इंद्रायणी किंवा आंबेमोहोर. रोजच्या कोलमचा त्रिकोण केला तर व्हॅन पोवई नाक्यावर वळेपर्यंत तो परत भात होतो. दहीभात करायचा असेल तर दुधात कालवायचा आणि वर चमचाभर दही. मधल्या सुट्टीपर्यंत बरोब्बर लागतो. हे ए आईचं तंत्र. एप्रिलमध्ये सांगलीत मात्र आयर्विन पूल ओलांडतानाच लागतो, तेव्हा दही अर्धा चमचा. आणि चपाती गरम असताना डब्यात घालायची नाही, तिला आतल्या आत घाम फुटतो. हे एवढं ज्ञान कुठल्याही साच्यापेक्षा कामाचं, पण त्याचा फोटो निघत नाही.

फोटो निघतो पांडाचा. इडलीचा पांडा. व्हिडिओत त्याचे डोळे शेवाळाचे असतात; आमच्याकडं शेवाळ विहिरीत. म्हणून मी माहेरचे बेदाणे लावले. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, चव तर विचारूच नका, पण रंग हिरवट पिवळा. पांडाला कावीळ झाली. चिरंजीवांनी तो बघून विचारलं, "ह्याला दवाखान्यात न्यायचंय का खायचंय?"

द्राक्षांवरून तर माहेरी छोटी चकमकच झाली. माझ्या वडिलांची बाग आहे. द्राक्षाचा मणी मिलिमीटरमध्ये मोजण्यात त्यांची हयात गेली. ठरलेल्या मापाखालचा मणी परदेशी जात नाही, म्हणून विरळणी करा, घड झाडा, पानं काढा, रात्री थंडी पडली तर बागेत शेकोट्या पेटवा. आणि एवढं करून त्यांच्या नातीच्या डब्यात द्राक्षं जातात उभी चिरून. नात म्हणजे आमची धाकटी, बालवाडीत जाते. पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात अख्खा मणी अडकू शकतो, हा सल्ला खरा आहे आणि तो पाळावाच. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. "चिरूनच खायचा हुता," ते म्हणाले, "तर एवढा फुगवायला कशाला लावला आम्हाला?"

शाळेकडून जूनमध्ये डब्याचं वेळापत्रक येतं. सोमवारी चपाती-भाजी, मंगळवारी कडधान्य, बुधवारी मिलेट, गुरुवारी 'रेनबो', शुक्रवारी 'मदर्स चॉइस'. चॉइस या शब्दानं हुरळून एका आईनं शुक्रवारी चॉइस म्हणून मॅगी दिली, तिला डायरीत लाल शेरा आला. बुधवारचं मी अहो आईंना समजावून सांगायला गेले. त्या माण तालुक्यातल्या.

"बाजरी म्हणतीस?"

"हो."

"जी घालतो म्हणून पाव्हणं आमच्यात पोरगी द्यायला नको म्हणायचे, ती?"

"हो आई. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं होतं."

"आमच्यात सगळीच वर्सं तसली."

त्यांच्या लहानपणी 1972 चा दुष्काळ होता. घरातली मोठी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला, तिथं सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो. माझ्या वेळचा प्रकार वेगळा. 15 ऑगस्ट 1995 ला केंद्र सरकारनं शाळेतल्या आहाराची योजना सुरू केली, तेव्हा मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. सुरुवातीला शिजवलेलं काही नव्हतं, तांदूळच मिळायचा. महिन्याला 3 किलो, तोही 80 टक्के हजेरी भरली तर. आमच्या वर्गात गोवर आलेला एक मुलगाही हजेरीपुरता येऊन गेला होता, आणि जाताना आणखी चौघांना गोवर देऊन गेला. त्यांची हजेरी बुडाली, तांदूळ बुडाला आणि त्यांच्या आया त्याच्या आईशी दिवाळीपर्यंत बोलत नव्हत्या. सुकडी खाल्लेली सासू, तांदूळ डोक्यावर वाहून आणलेली सून आणि 'आज ब्रोकोली का नाही?' विचारणारा नातू हे तिघं एका ओट्याशी उभे राहिले की कुणाचं बरोबर हे ठरवणं कठीण जातं.

आकड्यांत बघायचं तर अहो आईंचं पारडं जड आहे. 100 ग्रॅम नाचणीत 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात सव्वाशेच्या आत. 100 ग्रॅम शेंगदाण्यात प्रथिनं 25 ग्रॅमच्या घरात, अंड्यात 13. जावळी-पाटणच्या डोंगरातली नाचणीची भाकरी आणि खलबत्त्यातली शेंगदाण्याची चटणी हे दोन खण भरले की उरलेल्या तिनांत काकडीचे तारे असोत नाहीतर चंद्र, काही बिघडत नाही. पालकांच्या ग्रुपवर एकदा कुणीतरी अमेरिकेत असते तशी 'नट-फ्री' शाळा करण्याची सूचना मांडली. शेंगदाण्याशिवाय डबा! सातारा जिल्ह्यात! ग्रुपवर सहसा शुभ प्रभातही दोनशे येतात. त्या सूचनेनंतर संध्याकाळपर्यंत कुणी काही लिहिलं नाही. मग एकानं कूटही चालणार नाही का, एवढंच विचारलं.

शाळेत 'हेल्दी टिफिन' स्पर्धाही झाली. कल्पकतेला 10 गुण, सजावटीला 10, पोषणाला 10. डबा संपतो का, याला गुण नव्हते. टेबलावर बीटाच्या इडल्यांचा गुलाबी हत्ती होता. गाजराच्या डब्यांची आगगाडी होती आणि तिला जतकडच्या ड्रॅगन फ्रूटचं इंजिन. एकीनं पालकाच्या पराठ्यांचा अजिंक्यतारा रचून वर चीजचा भगवा लावला होता; तो भगवा व्हायला त्यात हळद घातली होती, आणि हळद सांगलीची आहे हे ती प्रत्येकाला सांगत होती. मोड आलेल्या मटकीची बाग, त्यात उकडलेल्या अंड्याचा ससा, सशाचे कान गाजराचे, म्हणजे ससा स्वतःचेच कान खाणार. एका बाबांनी स्वतः केलेला डबा आणला होता: दोन उकडलेली अंडी आणि काकडी, साल न काढता. त्यांना टाळ्या मिळाल्या. सूत्रसंचालक बाईंचा कंठ दाटून आला. शेजारी ससावाली पहाटे चारपासून उभी होती, तिला 'छान' म्हणाले.

पहिलं बक्षीस किल्ल्याला गेलं. परीक्षक आहारतज्ज्ञ होत्या. त्यांनी सशाच्या आईला प्रथिनांबद्दल उत्तेजनार्थ दिलं. निकाल लागेपर्यंत मोठी सुट्टी झाली आणि पोरं हॉलमध्ये घुसली. किल्ल्याकडं कुणी फिरकलं नाही. सगळा घोळका गेला खिडकीशी बसलेल्या शाळेतल्या मावशींकडं. त्यांनी आपला डबा उघडला होता: कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत, वर कच्चा कांदा, ज्वारीची भाकरी. "मावशी, एक घास!" मावशींनी चतकोर-चतकोर केली. त्यांचा डबा स्पर्धेत नव्हता.

शाळेभोवती काय विकायचं नाही याचाही नियम आहे. अन्नसुरक्षेच्या 2020 च्या नियमांनुसार जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरपर्यंत विकता येत नाहीत. त्यामुळे आमच्या शाळेजवळचा गाडीवाला पक्का कायदेभक्त झाला आहे. तो एक्कावन्नाव्या मीटरला उभा असतो. त्याच्याकडं वडापाव, पन्नाशीच्या आत त्याची बायको: चिंचा, बोरं, आवळे, कैरीच्या फोडी, तिखटमीठ लावून. तिच्या पाटीला कायदा शिवत नाही आणि पोरं तिच्याच भोवती जास्त. कैरीवरचं मीठ कायद्यात किती धरायचं हे मी त्या आहारतज्ज्ञ बाईंना विचारणार होते, पण त्या स्वतःच तिथं बोरं घेत होत्या.

एवढं सगळं करून डबा खातो कोण, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला नव्हता, कारण डबा रिकामा येत होता. रिकामा डबा ही आईच्या दृष्टीनं दहावीच्या निकालाच्या तोडीची गोष्ट. मग एकदा चिरंजीवांच्या तोंडाला मेथीचा वास आला. आमच्या घरी त्या दिवशी मेथी नव्हती. उलटतपासणीत सगळा बाजार उघड झाला.

मधल्या सुट्टीत तिसरी 'ब'च्या शेवटच्या बाकावर सौदे निघतात. कंदी पेढा हे सर्वात चढं चलन, एका पेढ्याला अख्खा पराठा सुटतो. भडंग मोजून नाही, झाकणानं. एका झाकणाला अर्धं सँडविच. शेंगदाण्याची चटणी लावलेली चपाती रोखीत चालते. मटकीला स्वतःचा भाव नाही, ती कशाच्या तरी जोडीला खपवावी लागते. घरच्या केकला सुरुवातीला उठाव होता, पण आता सगळ्यांच्याच आया करतात म्हणून मंदी आली. आणि आमचे चिरंजीव स्वतः फार काही देत-घेत नाहीत. ते दोन पार्ट्या जुळवून देतात आणि दोन्हीकडून एकेक घास घेतात.

"आणि पांडा?"

"पांडाला गिऱ्हाईक नाही."

"का रे?"

"खाताना तो आपल्याकडं बघतो."

हे मी माहेरी फोनवर सांगितलं, तर वडील इतके खूश झाले की त्यांनी फोन स्पीकरवर टाकून शेजाऱ्यांना ऐकवला. सांगलीच्या बाजारात हळदीचे नि बेदाण्याचे सौदे बघत आयुष्य काढलेला माणूस. जन्मभर अडत देऊन देऊन थकलेल्या घराण्यात अखेर एक अडत घेणारा निघाला, या आनंदात त्यांनी दोन किलो भडंग पाठवून दिलं. भांडवल म्हणून.

शाळेला यातलं काही मान्य नाही. डायरीच्या चौथ्या पानावर ठळक छापलं आहे: प्रत्येकानं आपलाच डबा खावा, डबा वाटून खाऊ नये. करोनाच्या काळात हे बरोबरच होतं. नंतर मास्क गेले, सॅनिटायझरच्या बाटल्यांत गोंद आला, पण ते वाक्य दर वर्षी नव्यानं छापलं जातं. फक्त श्रावणात एकदा शाळा 'अंगतपंगत डे' साजरा करते. त्या दिवशी मात्र वाटून खाणं सक्तीचं असतं, गणवेशाऐवजी पारंपरिक पोशाख आणि पालकांची सही लागते.

आणि हे साताऱ्यात! कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्याला आणली. त्यांचं मूळ घर वाळव्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं, म्हणून सांगलीकर त्यांना आपले म्हणतात. सातारकर अर्थातच सोडत नाहीत. त्यांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका स्वयंपाकघरातलं एकत्र बसून खात, आणि कोठीत धान्य उरलं नाही तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. हा धडा आमच्या शाळेत दर वर्षी साजऱ्या होणाऱ्या जयंतीला मोठ्यानं वाचतात. वाचून झाल्यावर मधली सुट्टी होते आणि आपापला डबा आपापल्या बाकावर.

जपानचं खरं काय, तेही मला उशिराच कळलं. माझी मावसबहीण टोकियोत एडोगावा भागात राहते. तिला मी मोठ्या उमेदीनं माझ्या भाताच्या त्रिकोणांचे फोटो धाडले. तिचा फोन आला. आधी ती हसली, बराच वेळ.

"अगं, इथल्या प्राथमिक शाळेत डबा नेतच नाहीत."

शाळाच जेवण देते. सगळ्यांना एकच. पोरं आळीपाळीनं पांढरे एप्रन आणि टोप्या घालून वाढतात, जेवून झालं की आवरतात. 1889 मध्ये यामागाता प्रांतातल्या त्सुरुओकात बौद्ध भिक्षूंच्या शाळेनं गरीब मुलांना भाताचे गोळे, खारवलेला मासा आणि लोणचं द्यायला सुरुवात केली, तिथून ती रीत धरतात. 1954 मध्ये तिचा कायदा झाला. नक्षीदार बेंटो असतो तो बालवाडीच्या पोरांना आणि सहलीला. हिच्या मुलीला मांसमच्छी चालत नाही म्हणून परवानगी काढून डबा न्यावा लागतो, आणि तो सगळ्यांच्या जेवणाशी मिळताजुळता असावा असा मुलीचा हट्ट. शाळेत रस्साभात असेल त्या दिवशी ही छोले देते. "एरवी पोळी-भाजी देते गं," ती म्हणाली. "तू ओनिगिरी कशाला करतेस?"

म्हणजे ती टोकियोत पहाटे उठून साताऱ्याचा डबा करते आणि मी साताऱ्यात उठून टोकियोचा. आणि हुबेहूब जपानी पद्धत हवीच असेल, तर ती आमच्या घरामागच्या नगरपालिकेच्या शाळेत रोज दुपारी चालू असते. व्हरांड्यात ओळीनं बसलेली पोरं, आधी श्लोक, मग पातेल्यातून वाफाळती खिचडी, वाढायला पाचवीतली दोन पोरं. प्राथमिकच्या मुलामागं 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, त्यासाठी 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, असं सरकारचं माप. 2021 पासून योजनेचं नाव 'पीएम पोषण' झालं. पोरांसाठी ती खिचडीच. महाराष्ट्रात 2023 च्या अखेरीस आठवड्याला एक अंडंही सुरू झालं होतं, 2025 च्या जानेवारीत सरकारनं त्याचे पैसे थांबवले. स्पर्धेत अंड्याच्या सशाला उत्तेजनार्थ देणाऱ्या गावात हे घडलं म्हणून सांगितलं. आमचे चिरंजीव कुंपणावरून त्या शाळेकडं बघून एकदा म्हणाले, "त्यांची मज्जा आहे. त्यांना गरम मिळतं आणि डबा धुवायला घरी आणावा लागत नाही."

बेंटो मी टाकून दिलेला नाही. पैसे गेलेत. पाचही खण रोज भरते, फक्त आता फोटो काढत नाही, त्यामुळे सकाळची दहा मिनिटं सुटली आणि त्यात माझा चहा होतो.

मागच्या आठवड्यात रात्री एका मुलाच्या आईचा निरोप आला. "ताई, तुम्ही धपाट्यात काय घालता? आमचा रोज तुमच्या डब्यातलं खाऊन येतो आणि घरी माझ्या धपाट्यांना नावं ठेवतो."

मी लिहिलं: ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, लसूण, तीळ, ओवा, पीठ ताकात मळायचं. मग मीही विचारून घेतलं. "तुमचा मेथीचा पराठा कसा असतो? आमचा त्याच्यावर जीव टाकतो."

"त्यात मेथी थोडीच असते हो, वासापुरती. बाकी सगळा दुधी असतो किसून. आमचा दुधी बघितला की पळतो म्हणून लपवून घालते."

आमचाही पळतो. चार वर्षं त्यानं दुध्याला हात लावलेला नाही. बराच वेळ दोघींकडून काही लिहिलं गेलं नाही. मग तिनंच हिशेब मांडला: तिचा पोरगा माझा डबा खातो, माझा तिचा, आणि दोघी दिवसभर आपापल्या पोराला काय आवडेल याची काळजी करतो.

आता आमचं ठरलं आहे. रविवारी रात्री ती तिच्याची फर्माईश मला कळवते, मी माझ्याची तिला. तिच्याला उद्या धपाट्याबरोबर दही नको, खर्डा हवाय, पण बेतानं तिखट. मी निरोप वाचून दाखवला तेव्हा अहो आईंनी तव्यावर मिरच्या टाकल्याच होत्या.

"बेतानं म्हंजे किती?" त्यांनी विचारलं. "पोरगं कुठलं हाय? कोल्हापूरकडचं असंल, तर एवढ्या मिरच्या पुरायच्या न्हाईत."